वैशाखातील बुरशी

श्रावणात चार-सहा दिवस झड लागून राहिली आणि सूर्याचे दर्शन दुर्मीळ झाले, म्हणजे आमच्या हिवरा आश्रमात काय किंवा मेहकर तालुक्यातील दुसऱ्या कोणत्याही गावात काय, घराघरांतून जो एक कुबट वास दाटून राहतो, त्याची ओळख कोणास करून द्यावी लागत नाही. डब्यातले पापड सादळतात, दाराआडच्या चामडी चपलेवर हिरवट बुरा चढतो, फडताळातील पोथीचे पान उलटताना बोटाला मऊसर लागते, आणि न्हाणीला लागून असलेल्या भिंतीवर, जेथे गतवर्षीच चुन्याचा हात दिला होता नेमके तेथेच, काळ्या ठिपक्यांची रांगोळी पुन्हा उमटते. अशा दिवसांत घरातील एखादे मूल रात्री खोकू लागले किंवा एखाद्या वृद्धाच्या छातीत घरघर वाजू लागली, की या ओलीनेच दुखणे आणले असे म्हणणारे काही निघतात, आणि आमच्या बापजाद्यांचे सारे आयुष्य याच ओलीत गेले, त्यांना कोठे दमा होता, असे म्हणून ती शंका उडवून लावणारे दुसरेही निघतात. या दोहोंपैकी खरे कोण, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही; आणि माझ्या मते तो आपण बहुधा चुकीच्या महिन्यात विचारीत आलो आहो.

असे म्हणण्यास एक निमित्त घडले. आमच्या शेजारच्या काकूंना कोरडा खोकला आणि धाप यांचा उपद्रव काही वर्षे होता. चैत्र सरता सरता तो सुरू व्हावयाचा, वैशाखात संध्याकाळी अंग मोडून कणकण यावयाची, चार पायऱ्या चढल्या की दम लागावयाचा, आणि मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस लोटले की सारे आपोआप उतरावयाचे. "सारं जग पावसात खोकते, अन् मले त बाप्पा पाऊस लागला की बरं वाटते," असे त्या हसून म्हणत. उन्हाळ्याची धूळ, झळा, उष्णता, अशी कारणे आम्ही शेजाऱ्यांनी सुचविली. एका दवाखान्यात क्षयाची शंका घेऊन औषधही काही महिने झाले. पण ज्या ऋतूत बुरशीचे नावसुद्धा कोणी घेत नाही, त्या ऋतूत बुरशीची आठवण होण्याचे काही कारण नव्हते.

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. कवकांचे राज्य स्वतंत्र आहे, आणि त्या राज्याचा कारभार बीजाणूंवर चालतो. 1729 मध्ये फ्लॉरेन्स येथील मिकेली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने असे बीजाणू खरबुजाच्या फोडींवर टाकून पाहिले, आणि ज्या बुरशीचे बीजाणू टाकावे तीच बुरशी उगवते, ती काही कुजक्या पदार्थातून आपोआप जन्मास येत नाही, हे दाखवून दिले. त्याच ग्रंथात त्याने एका बुरशीस अस्परजिलस हे नाव दिले, कारण तिचा बीजाणूंनी भरलेला शेंडा त्याला ख्रिस्ती मंदिरात तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला. या कुळातील जी जात माणसाच्या छातीस सर्वांत अधिक उपद्रव देते, तिचा बीजाणू अवघा दोन ते तीन मायक्रॉनांचा, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत पंचवीसएक सहज शेजारी शेजारी बसतील इतका, बारीक असतो. मोठे कण नाकातील केसांत आणि घशातील चिकट अस्तरात अडकतात. हा मात्र बिनदिक्कत थेट वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतो.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे की असे बीजाणू नाहीत अशी हवा जवळजवळ नाहीच. तुरीच्या शेतात, एस. टी.च्या डब्यात, देवघरात, आपण घटकोघटकी ते आत घेत असतो, आणि निरोगी माणसाचे फुप्फुस त्यांचा निकाल मुकाट्याने लावीत असते. सादळलेला कागद, लाकूड, ताग, चामडे, खळ घातलेले कापड, एवढेच काय भिंतीवर बसलेली साधी धूळदेखील बुरशीला अन्न म्हणून पुरते; अन्नाचा तोटा तिला कधीच नसतो, खोळंबा असतो तो पाण्याचा. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर तिचे काही चालत नाही; त्यापुढे ओल राहिली की उगवण सुरू होते. म्हणून घरात बुरशी आहे याचा खरा अर्थ घरात कोठे तरी पाणी मुरते आहे, एवढाच असतो.

आणि भिंतीवरचे सर्व काही बुरशी असते असेही नाही. आमच्याकडे भिंतीच्या पायथ्याशी जो पांढरा, कापसासारखा भुसभुशीत थर येतो आणि ज्याच्यामुळे रंगाचे पोपडे सुटतात, तो बहुतेक वेळा लोणा असतो. जमिनीतील क्षार ओलीबरोबर विटांतून वर चढतात आणि पाणी उडून गेल्यावर भिंतीवर उरतात. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावे. विरघळून गेला तर लोणा, न विरघळता ओला होऊन चिकटून राहिला तर बुरशीचा संशय घ्यावा. लोण्याने दमा होत नाही. परंतु लोणा हा ओलीचा साक्षीदार आहे, आणि त्याच्या मागे, लाकडी कपाटाच्या पाठीला किंवा धान्याच्या कोठीमागे, बुरशी दडलेली सापडणे हे काही विरळा नाही.

बुरशीने श्वास बिघडतो ही कल्पना आजची नव्हे. मँचेस्टरच्या ब्लॅक्ली नावाच्या डॉक्टराने, जो स्वतः परागज्वराने वर्षानुवर्षे बेजार होता, 1873 च्या आपल्या ग्रंथात गव्हाच्या ओल्या काडावर वाढविलेल्या बुरशीचे बीजाणू स्वतःच हुंगून पाहिल्याची हकीकत दिली आहे: आवाज पार बसला, छाती भरून आली, आणि हा प्रयोग पुन्हा करण्याची हौस राहिली नाही. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत या एका कल्पनेच्या अनेक शाखा झाल्या, आणि त्यांची गल्लत करणे हेच या विषयातील बहुतेक भीतीचे आणि बहुतेक बेफिकिरीचेही मूळ आहे.

त्यांपैकी सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे ॲलर्जीचा. ज्याच्या शरीराचा स्वभावच असा आहे की निरुपद्रवी कणासही शत्रू समजून दंगा करावा, त्याला बीजाणूंनी शिंका येतात, डोळे खाजतात, आणि मुळात दमा असेल तर तो उसळतो. माघाच्या सुमारास विवेकानंद जयंतीच्या उत्सवासाठी आमच्या गावी पाहुण्यांची रीघ लागते, पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरांतून वाढावा लागतो इतकी पंगत बसते, आणि घरोघर माळ्यावरच्या पेट्यांतून वर्षभर बंद असलेल्या गोधड्या खाली येतात. त्या रात्री एखादा पाहुणा शिंकून शिंकून हैराण झाला तर दोष थंडीला जातो, पण त्या गोधडीत धुळीतील सूक्ष्म किडे आणि पावसाळ्यातील बुरशी या दोहोंचा वाटा असावा, असे समजण्यास हरकत नाही. गोधडी दोन दिवस कडक उन्हात टाकून झटकली असती तर हा प्रसंग बहुधा टळला असता. दुसरा प्रकार याहून वाईट: काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत अस्परजिलस ठाण मांडून बसतो, थुंकीतून तपकिरी चिकट गुठळ्या पडतात, एक्स-रेमध्ये डाग दिसतात, आणि आपल्या देशात असा रोगी क्षयाचा समजून त्याला क्षयाचे औषध चालू होणे ही डॉक्टरांना चांगली परिचित असलेली चूक आहे. 1952 साली इंग्लंडमध्ये या विकाराचे प्रथम वर्णन झाले. याचा अर्थ क्षयाची शंका घेऊ नये असा मात्र कोणी करून घेऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी, बुरशीचा विचार मागाहून.

तिसरा प्रकार शेतकऱ्याच्या अगदी अंगणातला आहे. 1932 मध्ये कॅम्पबेल नावाच्या इंग्रज डॉक्टराने असे शेतकरी पाहिले की जे पावसात भिजून बुरसलेले गवत हलविल्यावर काही तासांनी ताप, खोकला आणि धाप यांनी आडवे होत. या रोगास पुढे शेतकऱ्याचे फुप्फुस असेच नाव पडले. ओले गवत गंजीत दाबले की आतून तापते, हे आपल्याकडे कडब्याच्या गंजीत हात घालणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्या उष्णतेत बुरशीबरोबर एका जातीचे सूक्ष्मजंतूही माजतात, आणि पुढे 1963 मध्ये जॅक पेपिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी खरा उपद्रव मुख्यतः त्या जंतूंचा असल्याचे दाखविले. हा संसर्ग नव्हे. जंतू फुप्फुसात वाढत नाहीत. शरीर त्यांच्या कणांवर जो अतिरेकी हल्ला चढवते, त्याने वायुकोशांच्या भिंती सुजतात, आणि वर्षानुवर्षे हेच चालले तर त्या भिंती जून होऊन कडक बनतात, मग त्या पूर्ववत होत नाहीत. दुपारी बुरसलेले कुटार उपसावे, आणि रात्री थंडी वाजून ताप यावा, सकाळी उतरावा. असा माणूस हिवताप समजून गोळी घेतो, आणि बरे वाटले की गोळीचा गुण मानतो. परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन मळणीयंत्रातून काढताना जी काळसर धूळ उठते, तिच्यात तोंडाला रुमाल न बांधता उभे राहणाऱ्या मजुराची जबानी कोणी घेतली तर या प्रकरणाची मिसल बरीच जाड होईल. जुन्या काळी पेव उघडल्यावर त्यात लगेच उतरू नये अशी सक्त ताकीद असे. तेथे मारक होता तो धान्याच्या आणि बुरशीच्या श्वासोच्छ्वासाने साचलेला वायू. आज 'पेव फुटले' एवढा वाक्प्रचार उरला, आणि ताकीद विस्मरणात गेली.

चौथा प्रकार संसर्गाचा, आणि त्याच्याच भीतीने 2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र हादरला होता. करोनाच्या त्या लाटेत म्युकरमायकोसिसला 'काळी बुरशी' हे नाव पडले, आणि तेव्हापासून भिंतीवरचा प्रत्येक काळा ठिपका लोकांना यमदूत वाटू लागला. वस्तुस्थिती अशी की तो रोग अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचा भरमसाट वापर, आणि खालावलेली प्रतिकारशक्ती यांच्या संगतीने येतो, रोगातील काळेपणा मेलेल्या पेशींचा असतो, आणि न्हाणीच्या भिंतीवरील काळ्या बुरशीचा त्याच्याशी नावापुरताच संबंध आहे. असाच एक घोटाळा अमेरिकेत झाला होता. क्लीव्हलँड शहरात 1993-94 च्या सुमारास काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, पाण्याने भिजलेल्या घरांतील एका काळ्या बुरशीवर त्याचा आरोप ठेवण्यात आला, वर्तमानपत्रांनी विषारी बुरशीचा डंका पिटला, आणि 2000 साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने आपल्याच तपासाची फेरतपासणी करून तो आरोप शाबीत होत नाही असे जाहीर केले. एखाद्या सरकारी खात्याने आपली चूक अशी छापून कबूल करावी, ही मला त्या प्रकरणातील सर्वांत आरोग्यदायी गोष्ट वाटते.

पण संशयाचा फायदा मिळाला म्हणजे आरोपी निर्दोष ठरला असे नव्हे. 2004 साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने, आणि 2009 साली जागतिक आरोग्य संघटनेने, उपलब्ध पुरावा चाळून जो निष्कर्ष काढला तो मोजका आणि म्हणूनच भरवशाचा आहे: दमट, बुरसलेल्या घरात राहणाऱ्यांत नाकघशाच्या तक्रारी, खोकला, छातीतील सूं-सूं आणि दमेकऱ्यांचा दमा बळावणे यांचे प्रमाण अधिक आढळते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा बालक डिसेंबर 2020 मध्ये श्वसनविकाराने दगावला. त्याच्या वडिलांनी 2017 पासून घरातील बुरशीची तक्रार केलेली होती, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तेथील मृत्युचौकशी अधिकाऱ्याने त्या बुरशीच्या दीर्घ सान्निध्यानेच मृत्यू ओढवला असा निर्णय दिला. त्यानंतर घरमालक संस्थांना ठरावीक मुदतीत ओल दुरुस्त करण्यास बांधणारी तरतूद त्या मुलाच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

आता काकूंकडे परत येतो. पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी त्यांची छाती ऐकून, फुप्फुसांचे छायाचित्र पाहून, औषध लिहिण्यापूर्वी काही चौकशा केल्या: घरात कबुतरे आहेत काय, गुरांचा गोठा कोठे आहे, आणि कूलर आहे काय. कूलर होता, काकूंच्या खाटेच्या उशाशी, खिडकीत बसविलेला पत्र्याचा मोठा कूलर, आणि त्यातील लाकडाच्या कातरणीच्या ताट्या बसविल्यापासून बदललेल्या नव्हत्या. त्या ताट्या काढताना मी हजर होतो. बाहेरच्या बाजूने बोअरच्या जड पाण्याचे पांढरे क्षार दगडासारखे घट्ट बसलेले, आणि जाळी उकलल्यावर आतले लाकूड काळपट हिरवे, बोटांत धरले की शेणासारखे दबणारे; टाकीच्या तळाशी बुळबुळीत गाळ; आणि वास मात्र अगदी तोच, श्रावणातला. बाहेर बेचाळीस अंशांचा ताप असता त्या पत्र्याच्या पेटीत ओल, थंडावा, लाकूड आणि अंधार अशी बुरशीची सारी सरबराई चोवीस तास चालू होती, आणि पंखा ती हवा रात्रभर एका माणसाच्या तोंडावर सोडीत होता.

डॉक्टरांनी हा प्रश्न विचारण्यास आधार होता. आपल्या देशातील 19 शहरांतील 27 केंद्रांनी मिळून फुप्फुसांच्या आतल्या पडद्यांच्या रोगांची जी नोंदवही ठेवली, आणि जिचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले, तिच्यात 1084 रोग्यांपैकी 47 टक्क्यांहून अधिक लोकांना हाच, शेतकऱ्याच्या फुप्फुसाच्या जातकुळीचा, अतिसंवेदनशील दाह होता, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या घरी किंवा कामाच्या जागी कूलर होता. पाश्चात्त्य देशांतील नोंदींत हा रोग इतक्या वरच्या क्रमांकावर क्वचितच दिसतो. अर्थात या आकड्यांनी हुरळून जाऊ नये; आमच्या वऱ्हाडात रोगी नसलेल्यांच्या घरीही कूलर असतोच, आणि कूलर असणे व कूलरने आजारी पडणे यांत अंतर आहे. काकूंच्या बाबतीतही ताट्या बदलल्या, कूलर उशापासून हलवून ओसरीकडच्या खिडकीत नेला, औषध चालू झाले, आणि पुढच्या वैशाखात संध्याकाळची कणकण आली नाही, खोकला मात्र थोडा राहिला. यांतील श्रेय कोणाचे किती, हे सांगण्यास मी तयार नाही.

तसेच प्रत्येक धापेमागे बुरशी शोधीत बसणे हेही एक प्रकारचे व्यसनच होय. चुलीसमोर चाळीस वर्षे फुंकणी फुंकलेल्या बाईची छाती, एकही विडी न ओढता, विडीबाजासारखी होते. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची अगरबत्ती काही कमी धूर देत नाही. रक्तक्षय आणि हृदयविकार यांतही दम लागतो. हे सारे सोडून भिंतीवरच्या ठिपक्यांकडे बोट दाखविणे सोपे पडते, कारण भिंत उलट बोलत नाही.

उपायांचे म्हणाल तर ते कंटाळवाणे आहेत, आणि म्हणूनच होत नाहीत. स्लॅबची गळती, न्हाणीचा फुटका नळ, पावसाचे पाणी भिंतीवर उडविणारी पन्हळ, ही आधी, रंग नंतर. ओल्या भिंतीवर भारी तैलरंग चढविणे म्हणजे जखमेवर भरजरी शेला टाकणे होय. ओल आतल्या आत राहते आणि सहा महिन्यांत पोपड्यांसह बाहेर येते. त्यापेक्षा चुन्याचा हात बरा. ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्याने बुरशीला मानवत नाही, आणि भिंतीला वाळण्यास वाव देतो. बुरशी कोरड्या केरसुणीने झटकू नये, तसे करणे म्हणजे बीजाणूंची पेरणी. तोंडाला फडके बांधून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने ओल्या कपड्याने पुसावी, आणि दमेकऱ्याने हे काम अंगावर घेऊ नये. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून निघणारा वायू बुरशीहून कितीतरी पटीने घातक असतो. कूलरच्या ताट्या दर हंगामास बदलाव्या; पाणी बंद करून पंखा अर्धा तास कोरडा चालवावा म्हणजे ताट्या सुकतात; समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाही तर तो खोली थंड न करता दमट करतो; आणि आठवड्यातून एकदा टाकी पालथी करून वाळवावी. आरोग्य खाते डेंग्यूच्या डासांसाठी जो 'कोरडा दिवस' पाळावयास सांगते, तो बुरशीलाही तितकाच लागू पडतो.

मात्र या सर्वांआधी एक काम घरच्या घरी, एक पैसा न खर्चता, होण्यासारखे आहे. घर सोडून चार दिवस गावाला गेल्यावर त्रास कमी होतो काय, परत आल्यावर पुन्हा उठतो काय. कोणत्या खोलीत, कोणत्या प्रहरी, कोणते काम केल्यावर, किती तासांनी, याचा तपशील रोग्याखेरीज दुसऱ्या कोणापाशी नसतो, आणि डॉक्टरांच्या दारात पाच मिनिटांत तो आठवत नाही. काकूंनी तो स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवला होता. दुधाच्या खाड्यांची त्यांची खूण फुलीची. तिच्याच शेजारी, ज्या दिवशी धाप लागली त्या तारखेला, एक बारीकसे टिंब. एप्रिल आणि मे या दोन पानांवर टिंबे दाट होती. मधले सहा दिवस, त्या लेकीकडे औरंगाबादेस गेल्या होत्या तेव्हाचे, कोरे होते, आणि त्याच सहा तारखांवर दुधाच्या फुल्या होत्या.